देव तीन दिवस उपाशी

हिवतापाने मला गाठले तेव्हा मरणाची भीती वाटली नाही. देवघरातला बाळकृष्ण उपाशी राहतो आहे, याचाच जीवाला घोर लागला. कोणाला हसू येईल, पण बायको जाताना एवढेच म्हणाली होती, "याला उपाशी ठेवू नका." तेव्हापासून ठाण्यात तळ्याकाठच्या दोन खोल्यांत आम्ही दोघेच. तिशीतला एकटेपणा मी चिडचिडीत काढला. भात करपला की देवावरच डाफरत असे. चाळिशी-पन्नाशी कचेरीतल्या कागदांनी खाल्ली. तरी नैवेद्यासाठी रोज चूल पेटे, आणि म्हणून मीही जेवत असे. साठीनंतर मात्र मला गर्व जडला, की आपल्याला कोणाची गरज नाही. सोवळ्याचे निमित्त करून मी शेजाऱ्यांनाही दूर ठेवले.

तापाच्या तिसऱ्या सकाळी मला कूस वळवता येईना. देवघराकडे पाहून रडू कोसळले. "आता तूच बघ," एवढेच म्हणालो. थोड्या वेळाने माजिवड्याची भाजीवाली आगरीण दारात ओरडू लागली, "तात्या, दार उघर!" उत्तर मिळेना तशी ती परसदार लोटून आत आली, माझ्या कपाळाला हात लावला आणि न विचारताच माझ्या तांदळाची पेज शिजवली.

"देवाआधी मी खात नाही," मी पुटपुटलो.

"मंग द्येवाला दे आधी. त्यो बी उपाशीच हाय ना?"

"तुझ्या हातचे चालत नाही गं."

ती चिडली. "तुला चालत नाय, का द्येवाला? इचार त्याला. मी भायेर हाय."

वाटी उशाशी घेऊन मी बराच वेळ पडून राहिलो. गावाला कळते तर वाळीतच पडलो असतो. पण समोर तो भुकेला होता. शेवटी पडल्या पडल्याच वाटी देवघराकडे धरून नैवेद्य दाखवला आणि पेज प्यालो. तिची चव अजून जिभेवर आहे.

तिला देवाने पाठवले, की ती रोजच्यासारखी वालाच्या शेंगा विकायला आली, मला ठाऊक नाही. इतकी वर्षे मी देवाला जेवू घालतो असे समजत होतो. खरे तर तोच मला चुलीपाशी बसवून जगवत होता. त्याच्या स्वाधीन व्हायचे, तर तो ज्या हाताने देईल तो हात झिडकारून चालत नाही, हे मला त्या दिवशी उमजले.

आठवड्याने उठून मी स्वयंपाक केला, नैवेद्य दाखवला आणि तिला आत बोलावले. ती दारातच घुटमळली.

"ये बाई," मी म्हणालो, "दोन पाने वाढली आहेत."

बायको गेल्यापासून त्या दिवशी मी प्रथमच कोणाबरोबर बसून जेवलो.