शालूमावशींसाठी पाहिलेलं बडोदं

शालूमावशी गेल्याचं आईने फोनवर सांगितलं तेव्हा मी परीक्षेच्या हॉलबाहेर उभी होते. "आटोपलं गं," एवढंच ती म्हणाली. मग आत जाऊन मी पेपर लिहिला. काय लिहिलं ते आता आठवत नाही. या गोष्टीला काही आठवडे झाले. त्यांच्याबद्दल लिहावं असं रोज वाटत होतं आणि रोज राहून जात होतं. मी काही लेखिका नाही. आमच्या घरातून कॉलेजपर्यंत पोचलेली मी पहिलीच, आणि मराठीत असं सलग काही लिहायची वेळही पहिलीच. पण जे थोडंफार लिहिता येतं ते त्यांच्या घरी बसून आलं, म्हणून धीर करते आहे.

बडोद्यात पाणीगेटच्या आत, आमच्या गल्लीत, त्यांचं दार आमच्या दारासमोर. त्यांचे यजमान कोयलीच्या रिफायनरीत होते आणि माझे बाबा तिथेच ठेकेदाराकडे हेल्पर. ओळख तिथली. यजमान गेले, मुलगी वर्षाताई लग्न होऊन नाशिकला गेली आणि मावशी एकट्या राहिल्या. एकट्या, पण रिकाम्या नव्हेत. दुपारी दारातल्या उजेडात खुर्ची ओढून बसायच्या, मांडीवर भरतकामाची रिंग. "हात बसले की डोकं नको तिथे फिरायला जातं," म्हणायच्या. गल्लीतल्या बाकीच्या बायका आपली नक्षी पदराआड ठेवायच्या, मावशींचं उलटंच. कुणी वा म्हटलं की लगेच सांगायच्या, "अगं, लहरीपुऱ्यात ते बांगड्यांचं दुकान आहे ने, त्याच्या वरच्या गॅलरीचा कठडा आहे हा. जाऊन बघ, तुलाही उचलता येईल." नक्षी उचलायला त्यांची हरकत नसे. कुठून उचलली हे न सांगणाऱ्यांचा मात्र राग यायचा.

मी अकरावीत असताना त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येत नाही, आहे ती सांभाळायची, असं डॉक्टर म्हणाले. आधी गेलं ते वाचन. कपाटभर कथा-कादंबऱ्या आणि प्रवासवर्णनं होती त्यांच्याकडे. एक दिवस मला हाक मारून म्हणाल्या, "दीकरा, रोज थोडं वाचून दाखवशील?" मी शिकले गुजराती माध्यमात. घरात 'ना'ला 'ने' आणि 'बाळा'ला 'दीकरा' म्हणणारी बडोद्याची मराठी बोलत असले तरी छापील मराठी वाचताना माझी जीभ प्रत्येक जोडाक्षरापाशी ठेच खायची. मला फार लाज वाटायची. त्यांनी कधी टोकलं नाही. त्या थांबवायच्या त्या वेगळ्याच ठिकाणी. एका कादंबरीत नायक-नायिकेचं इतक्या पानांनी एकदाचं जमत आलं होतं, मी रंगात येऊन वाचत होते, तर म्हणाल्या, "त्यांचं होईल लग्न, कुठे पळून जातंय? ती खिडकी परत वाच. वेल खालून वर गेलाय की वरून खाली आलाय?" त्या खिडकीचा पुढे उशीचा अभ्रा झाला. पुस्तकात वेल कुठून आलाय हे लिहिलेलंच नव्हतं, म्हणून आम्ही दोघींनी मिळून तो खालून वर नेला. एखाद्या पुस्तकात आपणही हात घालू शकतो, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

मग सुईची पाळी आली. माझं कॉलेजचं पहिलं वर्ष होतं. वर्षाताईसाठी त्या टेबलक्लॉथ भरत होत्या, चारी कोपऱ्यांत पानांच्या डहाळ्या. गल्लीतल्या बायका येऊन बघून गेल्या, छान छान म्हणून गेल्या. मी पाहिलं तर दोन कोपऱ्यांत पानं हिरवी आणि पुढच्या दोन्हींत गडद लाल. रिळं शेजारी शेजारी ठेवलेली असायची... मी टेबलक्लॉथ उजेडात धरून परत पाहिला. शेवटी म्हटलं, "मावशी, ही पानं लाल झालीत." त्यांनी बोटं टाक्यांवरून फिरवली. टाके अगदी एकसारखे होते. "आणि या सगळ्या माझं कौतुक करून गेल्या," म्हणाल्या. मग हसल्या. "चालेल. आंब्याला नवी पालवी फुटते ती लालच असते ने? वर्षाला तसं सांगू." टेबलक्लॉथ त्यांनी तसाच पुरा केला, आणि पुरा झाल्यावर रिंग, सुया, रिळं सगळं पिशवीत भरून माळ्यावर टाकायला लावलं. पुढचे काही दिवस त्या दारात नुसत्या बसून असायच्या. हात मांडीवर, तळवे वर केलेले. आई मला हळूच म्हणाली, "बाईंचं काही खरं नाही आता." मलाही भीती वाटायला लागली.

त्यातून त्या उठल्या त्या नानखटाईमुळे. घरात एक जुना गोल ओव्हन होता, झाकणाला काच असलेला. कणीक, तूप, साखर हाताला कळते, भाजलेलं नाकाला कळतं, डोळ्यांचं तिथे फारसं अडत नाही, असं त्यांनी आपलं आपण ठरवलं. पहिला केक मध्ये बसला. "त्यात पाणी भरून बदकं सोडा," असं मी म्हटल्यावर माझ्याच पाठीत धपाटा पडला. पण नानखटाई सुरेख व्हायची. त्यावर काटा-चमच्याने, टोपणाने, कंगव्याच्या दातांनी त्या नक्षी उमटवायच्या. फक्त नक्षी आणायची कुठून, हा प्रश्न होता. म्हणून संध्याकाळी मी घरी आले की समोरून हाक यायची, "आज काय आणलंस?"

पहिल्यांदा मी म्हटलं, "काही नाही मावशी. बस, कॉलेज, परत बस."

"बसमध्ये माणसं नव्हती?"

"होती ने."

"मग त्यांनी काय कपडे काढून ठेवले होते? काठ नव्हते साड्यांना?"

दुसऱ्या दिवसापासून मी बघायला लागले. पुढच्या सीटवरच्या बाईची पाच पेडांची वेणी. शटरवर सुकलेल्या रंगाचे ओघळ. फाफड्याच्या गाडीवर कागदात मुरत गेलेला तेलाचा डाग. कॉलेजात मी फारशी बोलायचे नाही. इंग्रजीत बोलणाऱ्या मुली समोर आल्या की आपल्याकडे सांगण्यासारखं काय आहे, असंच वाटायचं. पण मावशींसमोर मला सांगावंच लागायचं आणि तेही नीट. "छान होती" चालायचं नाही. किती पेड, कुठला कुठल्यावरून, हे सगळं हवं असायचं. वेणीची नानखटाई पहिल्या खेपेला जिलबीसारखी झाली, दुसऱ्या खेपेला जमली. आई टोमणा मारायची, "फी भरतोय ती शिकायला, की रस्ते बघायला?" मावशी समोरून ओरडायच्या, "दोन्ही करते ती! तू नानखटाई खाल्लीस ने? मग गप बस!"

शेवटचं भेटले ते दवाखान्यात. छातीत कफ साठला होता, बोलताना धाप लागत होती. वर्षाताई उशाशी होती. मी पेपर देऊन थेट आले होते आणि त्या दिवशी मी खरोखर काही पाहिलं नव्हतं. त्यांनी डोळे न उघडता विचारलं, "आज?" मी इकडेतिकडे बघितलं. व्हरांड्यात कुणीतरी खिडकीच्या गजांवर पंचा वाळत टाकला होता आणि त्यातून ऊन गाळून येत होतं. तेवढंच सांगितलं. पंचाच्या चौकटी, गजांच्या रेघा, आणि पंचा हलला की जमिनीवर सगळं कसं एकदम वाकडं होतं ते. एका हाताला सलाइन होतं. दुसऱ्या हाताचं बोट चादरीवर हळूहळू चालायला लागलं, आडवं, मग उभं. "कडेने साखळीचा टाका घालू," त्या म्हणाल्या. सुई टाकून दोन वर्षं होत आली होती... पण हात बसलेले नव्हते. मी ते पाहिलं आहे, आणि मला त्याचा फार आधार वाटतो.

वर्षाताई नाशिकला जाताना म्हणाली, "तुला हवं ते घे." मी पुस्तकं घेतली, जमतील तेवढी. आता समोरच्या दाराला कुलूप आहे. संध्याकाळी गल्लीत शिरले की मनात दिवसभराचं जमलेलं असतं आणि हाक येत नाही. मी घरी येते, चहा पिते, अभ्यासाला बसते. जमलेलं तसंच राहतं.

परवा आई कामावरून आली. ती चार घरी पोळ्या करते, आली की आधी पाय पसरून भिंतीला टेकून बसते. तशीच बसली होती. थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्या तिसऱ्या घरच्या आजींनी आज गोधडी उन्हात घातली होती. त्यांच्या आईच्या हातची आहे म्हणे. मध्ये काहीतरी मोठं फूल आहे... का चक्र आहे... तुझ्या मावशीला आवडलं असतं."

मी पुस्तक बाजूला ठेवलं. "पाकळ्या किती होत्या?"

"आता ते काय मी मोजत बसले होते?"

"आणि रंग?"

"निळा. म्हणजे निळाच असेल. कडेला काहीतरी पिवळं होतं..." आई अडली. कपाळाला आठ्या घालून तिने ती गोधडी डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न केला, आणि ते तिला जमेना. मग पदराने तोंड पुसत उठली आणि म्हणाली,

"थांब, उद्या नीट बघून येते."