वायरवाला हिरालाल

“बसला तो नासला.”

हिरालाल हे भेंडीबद्दल म्हणायचा आणि माणसाबद्दलही. तोडलेली भेंडी टोपल्यात बसून राहिली की काळी पडते आणि माणूस बाजेवर बसून राहिला की आतून काळा पडतो, असं त्याचं मत. चहा तो उभ्यानं पितो. जेवताना त्याचा एक गुडघा वर असतो, जणू कोणी हाक मारली तर ताट तसंच ठेवून निघायचं आहे. लग्नाच्या मांडवात अक्षता पडेपर्यंत तो आचाऱ्याकडे जातो, वाजंत्रीवाल्याकडे जातो, आणि कुठंच काही काम नसलं तर मांडवाचे दोर ताणून पाहतो.

शेलूबाजारच्या शिवेला त्याचा मळा आहे. वांगी, भेंडी, मिरची, सांभार म्हणजे कोथिंबीर. बायको सीताबाई तोडते, पोरगा धीरज पाणी देतो, आणि हिरालाल मालाचा ऑटो घेऊन कधी वाशीमच्या गल्ल्यांत, कधी आठवडी बाजारात. ऑटोच्या टपावर भोंगा. सीताबाईनं एकदा फोनमध्ये आरोळी भरून दिली, “भेंडी घ्या, कवळी भेंडी!” फोन भोंग्याला ब्लूटूथनं जोडला की तीच आरोळी दिवसभर वाजते, आणि सीताबाई स्वतः तिकडं मळ्यात गप असते.

हिरालालच्या गळ्यात मात्र कायम पांढरी वायर. इअरफोनची दोन बोंडं छातीवर लोंबत असत. फोन आला की मातीचा हात सदऱ्याला पुसायचा, बोंड कानात, आणि चालता चालता बोलणं. रिसोडच्या बसस्टँडवर एक जण अशा वायरींचे झुपके टांगून विकतो, तिथून तो आणायचा. स्वस्तातलीच. ती पिनेच्या मानेपाशी मोडे. मग हा सांभाराच्या जुडीचं रबर काढून तिथं आवळून बांधायचा. डावा कान गेला तर उजव्यावर भागवायचा. मिरचीच्या झाडांत वायर अडकली तर झाडाला शिवी द्यायचा, वायरीला नाही. म्हणून बाजारात त्याचं नाव वायरवाला.

धीरजचं लग्न ठरलं तेव्हा ही वायर घरात खुपायला लागली.

हे लग्न सहजी ठरलेलं नव्हतं. पोरगा शेती करतो म्हटलं की लोक चहा पाजून वाटेला लावत. सीताबाईनं किती उंबरे झिजवले ते तिचं तिलाच ठाऊक. अखेर नाल्यापलीकडच्या गावातल्या शेषरावची वैष्णवी होय म्हणाली. ती वाशीमला होस्टेलात राहून नर्सिंग शिकत होती. कुंकू लावून सोयरीक पक्की झाली, वैशाखातली तारीख निघाली.

“बाबा, आता ह्या वायरी कोणी घालते काय?” धीरज म्हणाला. “इवाई लोकं हासतीन.”

त्यानं बापासाठी बिनवायरची बोंडं आणली, इवल्याशा डबीत बसणारी. हिरालालला ती कानात राहतच नसत. एक बोंड वांग्याच्या क्रेटमध्ये पडलं तेव्हा अख्खा क्रेट उपडा करावा लागला. आणि डबीला रोज चार्जिंग! ढोरासारखं तिलाही रोज चारायचं, हे काही त्याच्या डोक्यात राहीना. पण पोरानं हौसेनं आणलेली, म्हणून तो वापरत राहिला.

माघातला, शेलूबाजारचाच आठवडी बाजार होता. सीताबाई आणि धीरजही आले होते. गिऱ्हाईक जमलं होतं म्हणून आरोळी थांबवली होती, भोंगा चालूच. दोन ओळी सोडून इवाई, म्हणजे होणारा व्याही, शेषराव लसणाचा ढीग लावून बसला होता. तेवढ्यात वैष्णवीचा फोन आला.

“मामाजी, मी वैष्णवी. तुमच्यासंगं एक बोलाचं होतं.”

“बोल ना बेटा,” असं म्हणून हिरालाल चालायला लागला. दहा पावलं गेला असेल नसेल, कानात टुंग झालं आणि आवाज गेला. चार्जिंग संपलं होतं. त्यानं बोंडावरूनच फोन कानाला लावला, दुसरा कान तळहातानं दाबला. काहीच ऐकू येईना. कारण बोंडं मेल्याबरोबर फोननं आपल्या ओळखीचा भोंगा शोधला होता, आणि टपावरून सगळ्या बाजाराला वैष्णवी ऐकू येत होती.

“माह्यं एक वर्स राह्यलं, मामाजी. बाबा म्हणतात, आता शिकून काय करतं, लग्न कर. धीरज थांबाले हाव म्हणतात, पण तुमाले सांगाले भेतात. तुमीच म्हणा ना, का लग्न पुढच्या वर्सी करू. फक्त बाबाले माह्यं नाव नका सांगजा. मले आजच्या आज घरी आणतीन ते.”

“हॅलो? बेटा, आयकू नाई येऊन राह्यलं,” हिरालाल ओरडला. “जोरानं बोल!”

बिचारीनं सगळं पुन्हा सांगितलं, जोरानं.

बाजारात भोंगे काय कमी असतात? कान बुजलेल्या हिरालालला वाटलं, कोणाची तरी जाहिरात चालू आहे. सीताबाई ओरडत होती तेही त्याला कळलं नाही. शेवटी तिनंच ऑटोवर चढून भोंग्याची वायर उपटली.

“हिरालालभाऊ,” समोरचा कांदेवाला म्हणाला, “भाव सांग ना. घरचं कायले सांगून राह्यला?”

लोक हसले. शेषराव हसला नाही. त्यानं लसूण पोत्यात भरला, तोंड बांधलं आणि इकडं न पाहता पोतं खांद्यावर टाकून गावाच्या वाटेला लागला.

हिरालालला काय झालं ते सीताबाईनं सांगितलं. तो ऑटोभोवती फिरायला लागला. एकदा इकडून, एकदा तिकडून. वांगी उचलून पुन्हा तिथंच ठेवू लागला.

“तुले माहीत होतं?” त्यानं धीरजला विचारलं.

“हाव.”

“मंग तोंडात काय मूग धरले होते?”

“तुमी बसताच कुठं, बाबा? सांगाव तरी कवा?”

रिकामा क्रेट उपडा करून हिरालाल त्यावर बसला. भरबाजारात तो बसलेला पाहून कांदेवाल्याचंही हसू थांबलं.

“तुमी मधात पडू नका,” सीताबाई हळू आवाजात म्हणाली. “इवाई रागावतीन, थंडे होतीन. आपून तारीख पुढं ढकला म्हटलं तर म्हणतीन, पोरातच खोट हाय. सोयरीक मोडली तर दुसरी पोरगी कोण देते?”

“अन् पोरीचं शिकणं?”

सीताबाईनं पदराच्या टोकानं एक वांगं पुसायला घेतलं.

हिरालाल उठला तो थेट मोबाइलच्या सामानाच्या दुकानापुढं.

“वायरचं हाय काय?”

“काका, वायरचं आता कोण घेते? हे बिनवायरचं पाहा ना, दिसाले भारी.”

“दिसाले नाई पाह्यजे गड्या. बोललेलं माह्या कानाबाहेर जाले नाई पाह्यजे.”

दुकानदारानं खालच्या खोक्यातून एक गुंडाळी काढली. ती घ्यायच्या लायकीची राहिली की नाही, हा त्याचा प्रश्न होता. हिरालालला तो पडलाच नाही. त्यानं तिथंच पिन खोचली आणि वैष्णवीला फोन लावला. बाजार कान देऊन होता, पण ऐकू आलं ते फक्त ह्याचंच बोलणं.

“हाव बेटा... सगळ्यायनं आयकलं, माहीच चूक... नाई, रडू नको... घरून बोलावलं तरी मी सांगेपर्यंत निघू नको. मी तुह्या घरी जाऊन राह्यलो... तुह्या नावानं नाई. माह्याच नावानं एक वर्स मागतो.”

आमच्याकडं कुंकू झाल्यावर तारखेचं काही असलं तर मधला माणूस पाठवतात. पोराचा बाप एकटा, रिकाम्या हातानं मुलीच्या दारात जात नाही. गेला तर सोयरीक मोडायलाच आला असं धरतात. हे हिरालालला कळत नव्हतं असं नाही.

“निदान कोणाले संगं न्या,” सीताबाई म्हणाली.

“चारचौघं नेले का इवायाले नाक वर ठेवा लागन. एकट्यापुढं माणूस नरम येते.”

“मंग गाडी तरी न्या. पायी कवा पोचान?”

“पायीच बरं. तोवर त्यायचा राग घरी जाऊन पाणी पेईन, अन् माहं बोलणं बी जुळन.”

त्यानं टोपी झटकून डोक्यावर ठेवली. मी शेजारीच मेथी विकत होतो; मला वाटलं, आता हा नेहमीसारखा धावत सुटेल. पण तो सावकाश चालला, प्रत्येक पाऊल विचारून टाकल्यासारखा. बाजार संपला, हरभऱ्याची वावरं लागली, त्यांच्या मधल्या पांदीच्या वाटेत त्याचा सदरा लहान होत गेला. एका जागी तो थांबला. सीताबाईनं ऑटोचा दांडा घट्ट धरला. तो वळला नाही, नाल्यात उतरला.

“भेंडी कशी दिली वं बाई?” एका गिऱ्हाइकानं विचारलं, मग पुन्हा विचारलं. सीताबाई आणि धीरज दोघंही नाल्याच्या पलीकडच्या चढाकडं पाहत उभे होते.