भाऊजींनी थांबवलेले सिनेमे

प्रिय नातवंडांनो,

तुमची आई परवा फोनवर म्हणाली, की तुम्ही दोघे हल्ली नव्या सिनेमांवर परीक्षणे लिहिता आणि ती लोक वाचतातही. ऐकून बरे वाटले. पण घराण्यातले पहिले परीक्षक आपणच, अशी तुमची समजूत पक्की होण्याआधी तुमच्या चुलत आजोबांची ओळख करून द्यावी, म्हणून हे आत्ता लिहायला घेतले आहे. ते माझे धाकटे दीर. मी त्यांना भाऊजी म्हणत असे. या गृहस्थांनी उभ्या आयुष्यात एकही सिनेमा सुखाने संपू दिला नाही.

सत्तरचे दशक संपत आले होते. आम्ही साताऱ्यात राहत होतो आणि सासरचे घर पलूसजवळ, उसाच्या मळ्यात होते; बहुतेक रविवारी आम्ही तिकडे जात असू. भाऊजी आणि जाऊबाई तिथे सासूबाईंजवळ असत. जाऊबाईंचे भाऊ जहाजावर नोकरीला. त्यांनी परदेशातून एक रंगीत टीव्ही आणि एक व्हिडिओ आणून बहिणीच्या घरी ठेवला. टीव्हीचे कार्यक्रम तेव्हा आमच्या भागात पोचलेच नव्हते, त्यामुळे तो एवढा मोठा टीव्ही केवळ व्हिडिओच्या सेवेसाठी होता. मुंबईहून येणाऱ्याजाणाऱ्यांबरोबर नव्या सिनेमांच्या कॅसेटी यायच्या आणि दोन दिवसांनी परत जायच्या. सांगलीच्या थेटरात ज्याचे पोस्टरही लागलेले नाही, असा सिनेमा रविवारी दुपारी आमच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या पडवीत, लागे आणि अर्धी वस्ती सतरंजीवर येऊन बसे. व्हिडिओला एक लांब वायर होती आणि वायरीच्या टोकाला बोटाएवढा एक स्विच. तो दाबला की चित्र जागच्या जागी थांबून थरथरत राही. हा स्विच कायम भाऊजींच्या हातात असे, आणि इथेच सगळा घोटाळा होता.

माझ्या पाचगणीच्या शाळेत आम्हाला शिकवले होते, की आधी पुस्तक संपवावे आणि मग मत द्यावे. भाऊजींना एवढा दम नव्हता. मत सुचले की ते सिनेमा थांबवत आणि उभे राहून बोलत. नायक-नायिका उसाच्या फडात गाणे म्हणू लागले, की स्विच दाबलाच. "उघड्या हातांनी ह्या पाल्यात शिरलाय बगा. पाला कापतोय का न्हाई अंगाला? गाणं कसलं, बोंब निघंल." मग पाला, खोडवा, पाण्याची पाळी असे ते परीक्षण लांबत जाई आणि पडद्यावर नायिका आ वासून थरथरत उभी असे. जाऊबाई आतून म्हणत, "आवं, तिचं तोंड तरी मिटू द्या की. माशी जाईल." श्रीमंत खलनायकाच्या बंगल्यातला गोल जिना पाहून त्यांनी विचारले होते, की ह्या जिन्याखाली एवढी जागा फुकट गेली, हा माणूस पोती कुठे ठेवतो. कोर्टाचा प्रसंग आला, की आम्ही चहाला उठत असू. भाऊजींचा बांधाचा दावा सांगलीच्या कोर्टात तारखांवर तारखा घेत पडला होता आणि सिनेमातला निकाल एका गाण्याच्या आत लागे. हा अपमान त्यांना सोसत नसे. अभिनय, संगीत, दिग्दर्शन यांबद्दल ते कधी बोलल्याचे मला आठवत नाही. "ते त्यांचं काम हाय, करत्यात," एवढेच म्हणत.

या टीकेचा सर्वांत मोठा फटका शेजारच्या अण्णांना बसे. अण्णा जैन, मोठे शेतकरी, गावात त्यांचे किराणा मालाचे दुकान. त्यांच्याकडे दिवस मावळायच्या आत जेवण उरकावे लागे. ऊन भिंतीवरून खाली उतरले, की ते धोतर झटकून उठत. "दिवस चालला रं. ऱ्हायलेलं उद्या सांग." भाऊजींच्या कृपेने सिनेमा तेव्हा जेमतेम निम्म्यावर आलेला असे, त्यामुळे अण्णांनी शेवट असा कधी पाहिलाच नाही. दुसऱ्या दिवशी भाऊजी दुकानात जाऊन त्यांना राहिलेली गोष्ट सांगत, आणि ती सांगताना दुरुस्त करूनच सांगत. परिणामी अण्णांची अशी पक्की समजूत होती, की त्या काळच्या सगळ्या सिनेमांत शेवटी भाऊभाऊ समजुतीने वाटणी करून घेतात आणि खलनायक साखर कारखान्यात नोकरीला लागतो. "पिक्चरवाले वाईट न्हाईत," ते म्हणत, "शिकवण चांगली असती."

असा हा परीक्षक एका बाबतीत मात्र विनोदी नव्हता. आमच्याकडे घरटी एक तरी माणूस फौजेत असतो. भाऊजी स्वतः भरतीला गेले होते, पण डोळ्यांच्या तपासणीत नापास झाले. त्यांच्या पाठचा भाऊ पास झाला आणि पुढे लढाईत कामी आला. तार आली तेव्हा सगळे रानात होते, घरी एकट्या सासूबाई. त्या दिवसाबद्दल त्या कधी एक शब्द बोलल्या नाहीत आणि आम्हीही कधी विचारले नाही. तेव्हापासून आईच्या नजरेला फौजी पडू द्यायचा नाही, हे भाऊजींनी मनाशी ठरवून टाकले. प्रत्येक कॅसेट ते सकाळी एकटे बसून आधी पाहत. तीत कुठे गणवेश दिसला, की दुपारी जाहीर करत, "प्रिंट बेकार हाय, दुसरं लावतो." लोकांना वाटे, केवढा कडक परीक्षक. सासूबाई खांबाला टेकून शेंगा फोडत असत.

एका रविवारी सकाळीच वीज गेली. ती आली तेव्हा लोक सतरंजीवर येऊन बसले होते आणि कॅसेट पाहायची राहून गेली होती. नाव सभ्य वाटले, म्हणून भाऊजींनी ती लावली. सुरुवात गावातल्या गमतीजमतीची होती. लोक हसत होते. मग पडद्यावर एक एसटी थांबली आणि तीतून खांद्यावर ट्रंक घेतलेला एक जवान उतरला.

स्विच दाबला गेला. भाऊजी उभे राहिले आणि त्यांनी आयुष्यातले सर्वांत मोठे परीक्षण सुरू केले. ट्रंक रिकामी आहे, वजन असलेल्या माणसाचा खांदा असा राहत नाही. एसटीचा पत्रा नवा आहे. रस्त्याकडेची बाभळ कापडाची असावी. मग दोन क्षण सिनेमा चाले आणि पुन्हा थांबे. जवानाच्या आईने भाकरी वाढली, तर भाऊजी पिठावर बोलले. विहीर दिसली, तर मोटारीच्या हॉर्सपॉवरवर बोलले. जवान सुट्टी संपवून परत निघाला, तेव्हा त्यांचा आवाज चढला आणि नजर पुन्हापुन्हा भिंतीवरच्या उन्हाकडे जाऊ लागली. मला कळले. दिवस मावळायला आला, की अण्णा उठतील, अण्णा उठले की लोक पांगतील आणि अशा सिनेमात पुढे येतेच ती तार कुणालाच पाहावी लागणार नाही. ऊन भिंतीवरून उतरले, जमिनीला टेकले. भाऊजींनी स्वतःच सुचवले, "अण्णा, जेवणाचं बगा. येळ झाली तुमची."

अण्णांनी एकदा खांबाला टेकलेल्या सासूबाईंकडे पाहिले. "बसतो," ते म्हणाले. "आज भूक न्हाई."

मग सासूबाई बोलल्या. "लय बोलतूस रं तू. चालू दे त्याला."

"आये, प्रिंट बेकार हाय."

"मला दिसतंय चांगलं. दे हिकडं." त्यांनी हात पुढे केला. भाऊजींनी स्विच त्यांच्या हातात दिला. तो कसा दाबायचा हे त्यांना ठाऊक होते. इतक्या रविवारांत त्यांनी दुसरे काय पाहिले होते? चित्र चालू झाले. त्यांनी पुन्हा एकदाही ते थांबवले नाही.

तार आलीच. सिनेमातल्या आईने किंकाळी फोडली, डोक्यावरची घागर टाकली आणि केस मोकळे सोडून रानातून धावत सुटली. मागे पन्नास व्हायोलिने. सोप्यातल्या बायका पदराने डोळे पुसू लागल्या. सासूबाई शेवटची अक्षरे येईपर्यंत तशाच बसून होत्या. भाऊजींनी आजवर कुणाला मत विचारले नव्हते. त्या दिवशी ते खाली बसले आणि हळूच म्हणाले, "कसं वाटलं, आये?"

"त्या बाईला रडाय आलं, तिची चूक न्हाई," सासूबाई म्हणाल्या. "पर तार घिऊन आल्याला माणूस दारात तसाच हुबा ऱ्हायला. उनाचा सायकल मारत आल्याला. त्याला कुणी पानी दिलं न्हाई."

"तू दिलंस?"

"दिलं की. गूळबी दिला. कागद सुटंना त्याच्या हातातनं. म्हनलं, बस बाबा, आदी पानी पी. मला कुठं वाचाय येतंय? त्यालाच वाचाय लागनार हुतं."

मग भाऊजींनी उठून कॅसेट बाहेर काढली. "बरोबर हाय," ते म्हणाले. "चुकलंच पिक्चरचं." अण्णा उठले आणि न जेवता घरी जाऊन झोपले.

त्यानंतर भाऊजींनी सकाळी एकट्याने कॅसेट पाहणे सोडले. दुपारची परीक्षणे चालूच राहिली, कारण माणूस इतकाही बदलत नसतो. पुढे गावोगाव व्हिडिओ आले, मग टीव्हीवरच रोज सिनेमे लागू लागले आणि आमच्या सोप्यात कुणी येईनासे झाले. भाऊजी एकटे टीव्हीशी बोलत बसत. पण तो काही थांबत नसे.

त्या दुपारी तिथे जी मोठी माणसे बसली होती, त्यांतल्या आता आम्ही दोघी जावाच उरलो आहोत. त्या पलूसला, मी साताऱ्यात. फोनवर कधी विषय निघतो. त्या सिनेमाचे नाव दोघींनाही आठवत नाही. तारवाल्याला पाणी दिले नव्हते, एवढे आठवते.