किल्लारीच्या विहिरीतले तीन ठोके

समुद्रापासून इतक्या लांब राहून युद्धनौकांचं वेड लागतं का? लागतं. नांदेड-लातूरकडच्या आम्हा चाळीसेक वेड्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, नाव 'कोरडी गोदी'. आमच्यातल्या निम्म्यांनी समुद्र पाहिला तो शाळेच्या सहलीत. पण आपल्या नदीचं नाव मिरवणारी 'गोदावरी' ही युद्धनौका दोन-दोन हेलिकॉप्टरं घेऊन फिरायची, हे कुणालाही झोपेतून उठवून विचारा. दर रविवारी प्रश्नमंजूषा होते आणि खोटं कशाला बोलू, बहुतेक वेळा मीच जिंकते. शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे दुसऱ्याची चूक काढल्याशिवाय मला घास गोड लागत नाही.

त्या खोडीपायीच हा प्रवास घडला. एका रविवारी प्रश्न होता: नुसतं ऐकून पाणबुडीची जागा कशी काढतात? मी लगेच उत्तर टाकलं. पाण्याखालचे आवाज टिपणाऱ्या सोनार यंत्रावर एका जहाजाला फक्त दिशा कळते. दोन जहाजांनी दोन जागांवरून ऐकलं की रेषा छेदतात आणि जागा सापडते. त्यावर एरवी गप्प असणाऱ्या सोनकांबळे काकांनी लिहिलं, 'कधी कधी प्रतिध्वनी मूळ आवाजापेक्षा मोठा येतो.' मी फटकन लिहिलं, 'ज्याला या दोन्हीतला फरक कळत नाही, त्याला सोनारवर बसवलं कुणी?' वर हसरे चेहरे. सगळे हसले. काका ग्रुप सोडून गेले.

आठवड्यानं औशाच्या एका सभासदाचा फोन आला. "बाई, ते खरंच पंधरा वर्षं नौदलात सोनारवर होते. किल्लारीला राहतेत." मला इतकी लाज वाटली की मी पुढच्याच शनिवारी निघाले. फोनवर माफी मागून हे भागण्यासारखं नव्हतं.

नांदेडहून सकाळची लातूर एसटी धरा. लोहा, अहमदपूर करत साडेतीन-चार तास लागतात, बायकांना अर्धं तिकीट. काकांसाठी अर्धापुरी केळ्यांची फणी घेतली होती, ती मांडीवर सांभाळत बसले. लातूरच्या स्टँडसमोर गरमागरम सुशीला खाल्ली. ज्यांनी चुरमुऱ्यांचा हा प्रकार खाल्ला नाही, त्यांनी केवळ त्यासाठी लातूरला उतरावं. पुढे औशापर्यंत बस, तिथून किल्लारीला जीप. जीप भरल्याशिवाय हलत नाही, तेव्हा हातात तासभर जादा ठेवा.

किल्लारीत भूकंपानंतर वसवलेलं गाव सरळ रस्त्यांचं आहे. काकांचं घर लगेच सापडलं. ओट्यावर साठीचा शिडशिडीत माणूस, आत भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, शेजारी दोन वेण्यांतल्या मुलीचा जुना फोटो. मी पाठ करून आणलेली माफी सुरू केली, तर ते म्हणाले, "ते ऱ्हाऊ द्या बाई. लांबून आलात, आधी जेवा." त्यांच्या पत्नीनं ज्वारीची भाकरी आणि भाजक्या धान्य-मसाल्याच्या येसराची आमटी वाढली. आमटी झणझणीत होती, पण त्या फोटोतली मुलगी सारखी माझ्याकडे बघत होती आणि मला धड जेवता आलं नाही.

चारच्या सुमारास काका पिशवी घेऊन उठले. "चला, माझी ड्यूटी हाय."

जुन्या गावात आता दगडांचे ढीग आणि बाभळी आहेत. पाखरांचा आवाजसुद्धा नव्हता. एका ढिगाजवळ विहीर होती. काकांनी पिशवीतून पाण्यात चालणारे दोन माइक काढले, विहिरीच्या दोन बाजूंना सोडले आणि दोन्ही वायरी एका हेडफोनला जोडल्या, एक डाव्या कानाला, एक उजव्या.

"हे आमचं घर व्हतं," ते म्हणाले. "मी सुट्टीवर आलेलो. संघमित्रा, माझी धाकटी बहीण, फोटोतली ती, भूकंपात आत अडकली. तीन-तीन ठोके मारीत व्हती. मी दगडाला कान लावला आन् म्हणलो, डावीकडं. नौदलाचा माणूस, समद्यांनी माझं ऐकलं. दिसभर डावीकडं उकरलं. पाचला ठोके थांबले."

"आणि?"

"दुसऱ्या दिशी निघाली. उजवीकडं. मधी पडलेल्या भिंतीनं खरा आवाज अडला व्हता. डावीकडून आला तो प्रतिध्वनी. जहाजावर ताडून बघाया दुसरं जहाज असायचं. हितं मी एकटाच."

माझे हसरे चेहरे आठवून मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

त्यांनी हेडफोन माझ्या कानांवर चढवला. "डोळे मिटा. मी ठोकतो. दिशा दाखवा."

ठक, ठक, ठक. डाव्या कानात, अगदी स्वच्छ. मी खात्रीनं डावीकडे बोट केलं आणि डोळे उघडले. काका हातात दगड घेऊन उजवीकडच्या ढासळलेल्या भिंतीमागे उभे होते. पुस्तकातलं कुठलंही वाक्य माझ्या कामाला आलं नाही.

ते येऊन शेजारी बसले. दगड खाली ठेवला, दोन्ही हात मांडीवर. हेडफोन अजून माझ्याच कानांवर होता. पाच वाजत आले होते.

ठक, ठक, ठक.

मी काकांच्या हातांकडे पाहिलं. ते हलले नव्हते. काका माझा चेहरा बघत होते.

"आलं?"

मी हेडफोन काढून टाकला. "प्रतिध्वनी असेल," मी म्हटलं.

"इतक्या उशिरा?" ते शांतपणे म्हणाले आणि वायरी गुंडाळायला लागले. परतीची शेवटची जीप साडेपाचला असते, जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं. मी ती पकडून लातूरला मुक्काम केला आणि रविवारी घरी आले.

आल्याआल्या ग्रुपवर लिहिलं की चूक माझी होती, प्रतिध्वनी मोठा येऊ शकतो, मीही चुकीची दिशा दाखवून आले. काका काही ग्रुपवर परतले नाहीत. पण रोज संध्याकाळी मला त्यांचा एक निरोप येतो, जहाजावरच्या नोंदीसारखा: 'पाच वाजता. शांत.' मी फक्त 'वाचलं' असं कळवते.

परवा निरोप आला: 'पाच वाजता. तीन ठोके. या खेपेला उजवीकडून.'

पंप, खडक, पाण्याची पातळी, सगळी कारणं मी लिहिली आणि पुसली. विज्ञानाची बाई आहे मी. विहिरीत कुणी नाही हे मला कळतं. पण शेवटी एवढंच पाठवलं, 'काका, शनिवारी येऊ का?'

लगेच उत्तर आलं. 'या बाई. दोघं ऐकू. मंग जागा चुकणार न्हाई.'