खालच्या मजल्यावरचा अलार्म

जर्मनीतल्या येना शहरात मी एका प्रकाशशास्त्राच्या संस्थेत संशोधन करत होते आणि गावाबाहेरच्या एका जुन्या, सहा मजली इमारतीत एकटीच राहत होते. पुण्यात असताना सारखं दार वाजतं म्हणून मी वैतागायचे. इथे दार वाजतच नसे. शुक्रवारी संध्याकाळी लॅबमधून निघताना 'शोनेस वोखेनएंडे', म्हणजे सुट्टी छान जावो, म्हणायचं आणि सोमवारी सकाळी पुन्हा तोंड उघडायचं. मधल्या दोन दिवसांत आईशी फोनवर बोलणं होई तेवढंच. "जेवलीस का?" असं ती विचारायची, मी "हो" म्हणायचे. मग फोन ठेवायचो.

त्या वर्षी जिन्यात सूचना लागली. २०१८ साल संपायच्या आत आमच्या राज्यातल्या प्रत्येक जुन्या घरातही राउखमेल्डर, म्हणजे धुराचा अलार्म, बसवणं सक्तीचं होतं. झोपायच्या प्रत्येक खोलीत एक आणि बाहेर पडायच्या वाटेवर, म्हणजे पॅसेजमध्ये, एक. ठरलेल्या सकाळी माणूस आला, माझ्या छताला दोन पांढऱ्या डब्या लावून खाली गेला, आणि थोड्याच वेळात खालून चढा आवाज ऐकू आला.

माझ्या बरोबर खाली एक आजी राहायच्या. ऐंशीच्या पुढच्या, ताठ, कायम इस्त्रीचा ब्लाउज. त्या दारात हात आडवा धरून उभ्या होत्या.

"हे यंत्र ऐकतं," त्या म्हणत होत्या. "माझ्या तरुणपणी, पूर्व जर्मनीच्या काळात, इथे भिंतींना खरोखरच कान होते. आता छताला नकोत."

"कायदा आहे," तो माणूस म्हणाला. "मला अजून अख्खी इमारत करायची आहे."

मी जिन्यातूनच मोठ्याने म्हणाले, "त्यात माइक नाही. एक छोटा दिवा असतो आणि प्रकाश टिपणारा एक डोळा. धूर आत शिरला की उजेड विखुरतो, डोळ्यावर पडतो, आणि ते ओरडतं. माझं कामच उजेडाचं आहे. वर या, दाखवते."

त्या येतील असं मला वाटलं नव्हतं. पण चष्मा पुसत आल्या. दोन वर्षांत माझ्या घरी आलेल्या त्या पहिल्या पाहुण्या. मी खुर्चीवर चढून अलार्मखाली तीन-चार उदबत्त्या एकदम धरल्या. बराच वेळ काहीच झालं नाही. मग ते असं किंचाळलं की मी उदबत्त्या टाकून कान झाकले. आजी शांतपणे वर बघत होत्या. लाल दिवा लुकलुकताना दिसला तेव्हा म्हणाल्या, "आखसो, अस्सं होय. पण किती हळू वाजतं!"

मी हसले, त्याही हसल्या. कानातली यंत्रं त्यांनी घरीच ठेवली होती. ती फक्त पाहुणे आले की घालायची वस्तू, असं त्यांचं मत होतं. अलार्म लावून घ्यायला त्या तयार झाल्या. पुढे अधूनमधून शनिवारी त्यांच्याकडे कॉफी आणि प्लमचा केक होऊ लागला. माझं जर्मन अडखळायचं, त्यांना निम्मं ऐकू यायचं नाही, त्यामुळे आमचं छान जमायचं. मनात मी त्यांना आजी म्हणायचे; तोंडाने मात्र शेवटपर्यंत 'झी', आदराचं तुम्हीच.

पुढच्या फेब्रुवारीत एका रविवारी दुपारी मी तापाने घरीच पडून होते. बाहेर बर्फ, इमारत चिडीचूप. कुठूनतरी बारीक, एका लयीत आवाज येऊ लागला. आधी वाटलं, कुणाच्या तरी गाडीचा असेल. थांबेना. मी उठून जमिनीला कान लावला. खालून येत होता.

शाल गुंडाळून धावले. बेल वाजवली, दारावर मुठी आपटल्या, हाका मारल्या. आत अलार्म ओरडत होता, आणि दाराच्या फटीतून करपल्याचा वास येत होता. मी ११२ लावला. पत्ता सांगताना माझं जर्मन पार विस्कटलं. क्रियापद कुठे ठेवायचं ते कळेना. पलीकडची बाई म्हणाली, "सावकाश. आत कोणी आहे?"

"एक म्हातारी बाई. तिला ऐकू येत नाही."

बंब लवकर आला. दार फोडलं तेव्हा राखाडी धूर छताला लागून जिन्यात सरकला. शेगडीवर बटाट्यांचं पातेलं कोळसा झालं होतं, शेजारचं फडकं पेटलं होतं. आजी आतल्या खोलीत दुपारच्या झोपेत होत्या. बाहेर आणल्या तेव्हा चेहऱ्यावर मास्क, केस विस्कटलेले, त्या माझ्याकडे अनोळख्यासारख्या बघत होत्या. बंबातला एक जण म्हणाला, "झोपेत माणसाचं नाकही झोपतं. धुराने जाग येत नाही. आणखी थोडा उशीर झाला असता तर..."

"तुम्ही नातेवाईक?" अॅम्ब्युलन्सच्या बाईने विचारलं.

"नाही. शेजारीण."

"मग तुम्हाला सोबत येता येणार नाही."

गाडी गेली. मी घरी येऊन आईला फोन लावला आणि काही न सांगता रडले.

आजी वाचल्या. परत आल्यावर त्यांच्याकडे दुसऱ्या तऱ्हेचा अलार्म बसला, कमी ऐकू येणाऱ्यांसाठीचा. तो वाजला की झगझगीत दिवा उघडझाप करतो आणि उशीखालची चकती थरथरते. असलं काही मिळतं हे मलाही ठाऊक नव्हतं. पण वसंतात त्यांची मुलगी आली आणि त्यांना उत्तरेला, समुद्राकाठच्या आपल्या गावी घेऊन गेली. फोनवर त्यांना ऐकू येत नसे, म्हणून ईस्टरला कार्ड आलं. त्यावर ससा होता आणि थरथरत्या अक्षरांत दोन ओळी.

त्याच सुमारास लायप्झिगला एकांच्या घरी मराठी मंडळींचा पाडवा होता. तिथे पुऱ्या तळताना वाजू नये म्हणून पॅसेजमधल्या अलार्मला न्हाणीतली प्लास्टिकची टोपी घातलेली. मी ती काढायला सांगितली.

"अहो, ही जर्मन झाली!" कुणीतरी म्हणालं. सगळे हसले.

मग मी आजींची हकिगत सांगितली. खिडकी उघडा, स्वयंपाकघराचं दार लावा, पण त्याचं तोंड बांधू नका, म्हणाले. सगळे पुन्हा पुऱ्यांकडे वळले. यजमानीणबाईंनी मात्र स्टूल आणून टोपी काढली आणि हलकेच विचारलं, "माझ्या सासूबाई नाशिकला असतात, त्यांना कमी ऐकू येतं. तो थरथरणारा मिळेल का हो तिकडे?" मला माहीत नव्हतं. शोधते म्हणाले.

परतीच्या गाडीत विचार आला, माझा अलार्म वाजला तर कोण ऐकेल? खालचं घर रिकामं होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी वरच्या मजल्यावरची बेल वाजवली. माझ्याच वयाच्या एका माणसाने दार उघडलं, मानेभोवती हेडफोन.

"मी खालच्या मजल्यावर राहते. माझा राउखमेल्डर वाजला आणि मी दार उघडलं नाही, तर कृपया ११२ लावाल का?"

तो गोंधळला. "हो, नक्की," म्हणाला. "तुम्ही नवीन आलात का?"

"नाही," मी म्हणाले. "तीन वर्षं झाली."

"ओह," म्हणून तो ओशाळं हसला. दार अलगद लागलं. मी तिथेच उभी होते, तेवढ्यात जिन्यातला दिवा आपोआप विझला, आणि मी भिंतीवर बटण चाचपू लागले.