पाठ उघडी करा

"पाठ उघडी करा," डॉक्टर म्हनले.

मला वाटलं एकटेच बघतील. तर शिकाऊ पोरापोरींचा घोळकाच आत आला. नगरच्या दवाखान्यात, कातडीच्या ओपीडीत, पोलकं उतरवून मी भिंतीकडं तोंड करून हुबी. डॉक्टर पेनानं माझे लाल चट्टे, पांढरे पापुद्रे दाखवत हुते. म्हनले, हा सोरायसिस, एकाचा दुसऱ्याला लागत न्हाई. ही बाई ऊस तोडती, उसाची पात अंगाला जिथं कापती तिथं नवा चट्टा उठतो. एका पोरीनं नाकाला रुमाल लावला. आत्ताच तर ऐकलंस की गं, लागत न्हाई म्हनून.

मी हे मनातच ठेवलं. कारन तिथं नव्या इंजेक्शनचा अभ्यास चालू हुता. नाव लागलं तर औषध फुकाट. त्यासाठीच पाथर्डीवरनं यष्टीनं आलेले. अंग इतकं सोलवटलेलं की लेकराला नुसतं पोटाशी धरायचं म्हनलं तरी जीव जायचा.

बाकावर शेजारी पारनेरची बाई. दूध संघाच्या संचालकाची सून. तिलाबी हेच दुखनं, लांब बाह्यांत झाकलेलं. माझा हात लागंल म्हनून तिनं पर्स पलीकडं ठेवली. तिला पडद्यामागं तपासलं. शिकाऊ कुनी न्हाई. तिचं नाव लागलं.

माझ्या नावाला डॉक्टर अडले. नाव लिहिनाऱ्या पोरीला म्हनले, "ऊसतोड? नको. हे लोक मधेच गायब होतात."

मी तिथंच हुबी हुते की.

दिवाळीनंतर कारखान्यावर गेलो. पात कापत राहिली, चट्टे उठत राहिले. उन्हाळ्यात मलम आनायला परत नगरला गेले, तर ती पारनेरवाली समोर. बिनबाह्यांचं पोलकं. हात लोन्यासारखे. खोटं कशाला बोलू, जळून कोळसा झाले मी. मनात म्हनले, उठू दे हिला परत, तोंडावर उठू दे. तिनं मला ओळखलंबी न्हाई. तिचं काय चुकलं, आसं कुनी शहानं म्हनंल. म्हनू दे. ते हात माझे व्हायला पायजे हुते.

तेवढ्यात डॉक्टरांनी मला बघितलं. लई खूश झाले. मोठ्या परिषदेत दाखवायला पाठीचा फोटो पायजे हुता त्यांना. मी सवयीनं गुंडीला हात घातला. आन् तिथंच थांबला हात.

"फोटो न्हाई," मी म्हनले. "शिकवायला माझी पाठ चालती. औषध द्यायचं म्हनलं की माझं काम आडवं येतं व्हय?"

डॉक्टर म्हनले, त्या अभ्यासाची नावं कवाच बंद झाली. दिवाळीला दुसरा सुरू हुईल, पन दर पंधरा दिसाला यावं लागंल. तुमी तर तवा उसात.

घरी मालकाला सांगितलं, औंदा मी येत न्हाई. कोयता म्हंजी नवरा-बायकोची जोडी. एकट्याला मुकादम अर्धाच कोयता धरतो. मोळ्या कोन बांधंल, म्हनून मालक कावले. न्हाई तर न्हाई. मी इथंच कांदं खुरपीन, पन जानार न्हाई.

नाव लागंलच आसं काय न्हाई, ते मला कळतं. तरी नावं घेत्यात त्या दारात जाऊन बसीन. न्हाई म्हनायचं आसंल तर माझ्याकडं बघून म्हना. का न्हाई, ते सांगा. तोवर मी उठनार न्हाई.