गाडीचे धुरकट दिवे आणि जावई
टूथपेस्टचा थंड वास आला की मला रामनगरातलं जावयाचं अंगण आठवतं. लेकीला बाळासकट माहेरी, आमच्या दिग्गी गावाला आणायला मी माझी जुनी गाडी घेऊन गेलो हुतो. पुढच्या दिव्यांचं प्लास्टिक पिवळं, धुरकट झालेलं. ते बघून जावई म्हणाला, "मामा, वाटंत अंधार पडंल. असल्या उजेडात जंगलातनं पोराला न्हेऊ नगासा." मला राग आला. "तुमी जन्मायच्या आधीपास्नं गाडी चालवतोय मी, जावईबापू!" असं म्हणून मी बांधावरच्या खरवतीच्या झाडाची खरखरीत पानं तोडली. आमच्याकडं कुऱ्हाडीचा दांडा त्यानंच गुळगुळीत करतात. मी घासत सुटलो, आणि ओरखडे पडून दिवे दह्यागत पांढरे झाले. दारातनं लेक म्हणाली, "आप्पा, आता काजवे बांधा फुडं!" जावई मात्र हसला न्हाई. "मामांनी जाड घासणी केली, आता बारीक मी करतो," म्हणत तो पॉलिश पेपर आणि बादली घेऊन बसला. तो पाणी टाकून घासत हुता, मी मागनं टूथपेस्ट लावून जुन्या धोतराच्या फडक्यानं पुसत हुतो. उन्हं कलताना आतला बल्ब लख्ख दिसला. मला वाटलं, आता चावी हाच घेणार. त्यानं ती माझ्या हातात दिली आणि बाळाला मांडीवर घेऊन लेकीशेजारी मागं बसला. जंगल लागलं तवा आरशात बघितलं, तर गडी गाढ झोपलेला. आता डोळ्यांमुळं मी गाडी सोडली हाय. पण त्या वाटंवर जावई माझ्या भरवशावर झोपला हुता, हे मी भेटंल त्याला सांगतो.